आशीर्वाद आणि वतन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जालना हे निजामाच्या मुलखातील लष्करी छावणीचे ठाणे असताना, रेव्हरंड नारायण शेषाद्री या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण धर्मोपदेशकाने शहराच्या नजीक एक वसाहत वसविली. तिच्यासाठी लागणारी जमीन हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या मेहेरबानीने मिळाली, आणि वसाहतीला नाव देण्यात आले ‘बेथेल’. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या गृहस्थाला बायबलातील गावांची नावे काही कमी ठाऊक नव्हती. मोठ्या नगराचे, राजधानीचे किंवा एखाद्या विजयस्थळाचे नाव त्याला सहज घेता आले असते. त्याने घेतले ते मात्र अशा जागेचे की, जिथे बापाला फसवून आणि भावाच्या सूडाला भिऊन पळालेला एक तरुण दगड उशाला घेऊन उघड्यावर निजला होता, आणि आजोबांना व वडिलांना दिलेले वचन त्याला तिथे, दोघांपैकी कोणीही जवळ नसताना, प्रथमच थेट देवाकडून ऐकावयास मिळाले होते. श्रद्धा आणि आशीर्वाद एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे जातात, या प्रश्नाचा इब्री शास्त्रांत जो विचार झाला आहे त्याचा आढावा घेताना जालन्याच्या या बेथेलपासून आरंभ करणे सोयीचे आहे. कारण त्या वसाहतीतील पहिल्या रहिवाशांच्या मस्तकावर हात ठेवील असा त्या श्रद्धेतला बाप कोणालाच नव्हता.

हा प्रश्न वारशाचा आहे असे आपण सहज धरून चालतो. मराठी मनाला वारसा म्हटला की वतन आठवते: मूळ पुरुषाला मिळालेली सनद, तिच्या आधाराने चालत आलेली वहिवाट, थोरल्याचा मान, धाकट्यांचा हिस्सा, आणि तंटा उपस्थित झालाच तर गोतसभेपुढे होणारा महजर. इब्री शास्त्रांचा पहिला ग्रंथ ‘उत्पत्ती’ वरवर पाहता अशाच एका वतनाची बखर वाटतो. अब्राहामाला वचन मिळते. त्याच्या ठायी पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वाद पावतील असे त्याला सांगण्यात येते. आठव्या दिवशी करावयाची सुंता ही त्या कराराची अंगावर उमटविलेली खूण ठरते. पुढे तेच वचन इसहाकाला आणि नंतर याकोबाला मिळते. पण थोडे बारकाईने वाचले म्हणजे ध्यानात येते की, वतनाचा एकही नियम या घराण्यात धडपणे पाळला गेलेला नाही. इश्माएल थोरला असून वचन इसहाकाकडे जाते. एसाव थोरला असून ते याकोबाकडे जाते. याकोबाचा थोरला रऊबेन आपल्या वर्तनाने हक्क गमावून बसतो. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तर एखाद्या दफ्तरदाराने शेरा मारून ठेवावा तशी नोंदच आहे की, ज्येष्ठपणाचा हक्क योसेफाच्या वंशाकडे वळला आणि सत्ता मात्र यहूदाच्या हाती गेली. बरे, कायदा काही वेगळा नव्हता! अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की, दोन बायका असलेल्या पुरुषाने नावडतीच्या पोटी प्रथम जन्मलेल्या मुलाला डावलून आवडतीच्या मुलाला थोरलेपणा देऊ नये आणि दुहेरी वाटा त्या नावडतीच्या मुलालाच द्यावा. म्हणजे ज्या पूर्वजाच्या नावाने हे राष्ट्र ओळखले जाते त्या याकोबाचेच वर्तन त्या राष्ट्राच्या कायद्याला धरून नाही, आणि हा विरोध झाकून ठेवण्याची कोणाही संपादकाला गरज वाटली नाही. ग्रंथाच्या सचोटीचा याहून चांगला पुरावा मला तरी आढळलेला नाही.

आंधळ्या इसहाकाने एसाव समजून याकोबाला आशीर्वाद दिला आणि फसवणूक उघड झाल्यावरही तो परत घेतला नाही, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला आहे. जुन्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, त्या काळी उच्चारित शब्दाच्या ठिकाणी मंत्रासारखी शक्ती असल्याची समजूत होती, आणि धनुष्यातून सुटलेल्या बाणाप्रमाणे तो परत बोलावता येत नसे. अँथनी थिसेल्टन या इंग्रज पंडिताने १९७४ मध्ये या मताचा चांगलाच समाचार घेतला. शब्द परत घेता येत नाही तो त्याच्या अंगच्या शक्तीमुळे नव्हे, तर योग्य अधिकाऱ्याने योग्य प्रसंगी केलेला तो विधी असतो आणि तो रद्द करणारा दुसरा विधी समाजापाशी नसतो म्हणून, असे त्याचे प्रतिपादन होते. मला हे मत अधिक पटते. पण दोन्ही पक्षांच्या हातून एक गोष्ट निसटते. इसहाकाने पुढच्याच अध्यायात याकोबाला पुन्हा बोलावून, आता पूर्ण जाणतेपणी, अब्राहामाचा आशीर्वाद दिला आहे. कपटाने मिळालेल्या पहिल्या आशीर्वादात धान्य, द्राक्षारस आणि भावांवरचे प्रभुत्व होते; वंशाचे आणि भूमीचे मूळ वचन आले ते दुसऱ्यात. जे चोरले ते निराळे होते, आणि जे चोरावयास नको होते ते मागाहून आपण होऊन मिळाले. एसाव मात्र बापापुढे ओक्साबोक्शी रडत, आपल्यासाठी एखादा तरी आशीर्वाद शिल्लक आहे की नाही असे विचारीत राहतो. आणि त्या रडण्याला ग्रंथकाराने जी जागा दिली आहे ती विजयी धाकट्याच्या कोणत्याही हालचालीला दिलेली नाही.

याच घराण्यातील दुसरा प्रसंग उत्पत्तीच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात आहे, आणि सबंध विषयाचे मर्म मला तेथे दिसते. मिसर देशात याकोब मृत्युशय्येवर आहे. त्याचीही दृष्टी आता बापासारखीच मंदावली आहे. योसेफ आपल्या दोन मुलांना घेऊन येतो. ही मुले मिसरातच जन्मलेली, त्यांची आई आसनथ ही मिसरी पुरोहिताची कन्या. आजोबांचा कनान देश त्यांनी पाहिलेलाही नाही. म्हातारा प्रथम त्यांना आपलीच मुले म्हणून पदरात घेतो, रऊबेन आणि शिमोन यांच्या बरोबरीने. मग योसेफ मोठ्या दक्षतेने त्यांना उभे करतो: थोरला मनश्शे आजोबांच्या उजव्या हाताशी, धाकटा एफ्राइम डाव्या हाताशी, म्हणजे उजवा हात आपोआप थोरल्याच्या डोक्यावर पडावा. आणि याकोब हात पुढे करताना ते एकमेकांवरून ओलांडून नेतो. उजवा धाकट्यावर, डावा थोरल्यावर. योसेफ, राज्याचा कारभार चालविलेला मनुष्य, नियमाचा भंग झालेला पाहून अस्वस्थ होतो आणि बापाचा हात धरून उचलू पाहतो. म्हातारा सांगतो की मला ठाऊक आहे. इसहाकाला जे अजाणता करावे लागले ते याकोब समजून उमजून करतो, आणि या वेळी कोणी फसविले जात नाही, कोणी घर सोडून पळत नाही, थोरल्यालाही भरघोस आशीर्वाद मिळतो. आजही यहुदी घरांतून शब्बाथाच्या संध्याकाळी मुलग्यांच्या डोक्यावर हात ठेवून, देव तुला एफ्राइम व मनश्शे यांच्यासारखा करो, अशा अर्थाचा आशीर्वाद देतात. मुलींना सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांचे नाव घेऊन देतात. अब्राहाम, इसहाक, याकोब हे नामवंत पूर्वज सोडून परमुलखात जन्मलेल्या या दोन नातवंडांची नावे या विधीसाठी का निवडली, याची अनेक उत्तरे दिली जातात. एकमेकांचा हेवा न केलेले ते पहिले भाऊ, हे त्यांतले सर्वांत समंजस. न्यू जर्सीत किंवा लंडनात वाढणाऱ्या नातवंडांची चिंता करणाऱ्या मराठी आजोबांनी हा अध्याय सवडीने वाचावा.

धाकट्याने थोरल्याला ओलांडून अधिकार मिळविल्याची एक कथा जालना जिल्ह्याच्या मातीतलीच आहे, म्हणून तिचा येथे ओझरता उल्लेख करतो. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. बखरींतून असे सांगतात की, वडील बंधू गंगाधरपंत, ज्यांना संप्रदायात ‘श्रेष्ठ’ म्हणतात, यांच्याकडे बाळ नारायणाने अनुग्रह मागितला असता, तुझे वय अजून लहान आहे म्हणून त्यांनी तो नाकारला, आणि मग तो त्याला मारुतीच्या देवळात थेट रामरायाकडून लाभला. घराण्याची उपासना घरातच होती, देणारा वडील भाऊही घरातच होता, आणि तरी ती घेणाऱ्याला दुसऱ्या दाराने जावे लागले. दोन परंपरांची सांगड घालण्याचा मोह येथे आवरलेला बरा. एक भेद तर ठळकच आहे: गंगाधरपंतांना त्यात काही गमवावे लागले नाही, एसावाला लागले.

बेथेलच्या त्या रात्रीकडे पुन्हा वळले पाहिजे. याकोबाला स्वप्नात शिडी दिसली, वचन मिळाले, सकाळी त्याने उशाचा दगड उभा करून त्यावर तेल ओतले. इतके सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर त्याने जो नवस केला तिकडे उपदेशक मंडळी सहसा फिरकत नाहीत, कारण तो नवस शर्तीचा आहे. देव माझ्याबरोबर राहील, वाटेत मला सांभाळील, खावयास अन्न आणि ल्यावयास वस्त्र देईल, आणि मी बापाच्या घरी सुखरूप परत येईन, तर हा माझा देव होईल. करारपत्रात घालावीत तशी कलमे त्याने घातली आहेत! आजोबांनी एका शब्दासरशी देश सोडला होता, आणि नातू हिशेब मांडतो. परंतु वचन त्यामुळे रद्द होत नाही. वीस वर्षे लाबानाच्या घरी राबून, दोन बायका आणि मोठा परिवार घेऊन तो परततो, तेव्हाच पस्तिसाव्या अध्यायात तो घरातील परक्या देवांच्या मूर्ती शखेमजवळच्या एला झाडाखाली पुरतो आणि बेथेलला पुन्हा वेदी बांधतो. वडिलांचा देव हा माझा देव होण्यास मधली वीस वर्षे जावी लागली. आशीर्वाद ही वतनासारखी जन्मसिद्ध मालमत्ता नव्हे. तो देणाऱ्याने तोंडाने उच्चारावा लागतो आणि घेणाऱ्याने कधीतरी स्वतः कबूल करावा लागतो, हे इब्री शास्त्रांचे म्हणणे मला येथे प्रथम स्पष्ट दिसते.

उत्पत्तीतील आशीर्वाद असा मृत्युशय्येवरचा, एका हाताचा एका मस्तकाशी होणारा व्यवहार आहे. निर्गम आणि अनुवाद या ग्रंथांत तोच प्रश्न सबंध राष्ट्रापुढे येतो आणि त्याचे रूप पालटते. मिसरातून सुटका झालेली पिढी एक दिवस मरणार. समुद्र दुभंगताना ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो कसा दाखवावा? या प्रश्नाला मोशेच्या नावावरील ग्रंथांनी दिलेले उत्तर जगाच्या शिक्षणाच्या इतिहासात मान्यता पावण्याजोगे आहे: मुलाला विचारू द्यावे. हा सण कशासाठी, हे विधी कसले, असे मुलगा विचारील, आणि तेव्हा बापाने काय सांगावे हे निर्गमाच्या बाराव्या व तेराव्या आणि अनुवादाच्या सहाव्या अध्यायात नेमून दिले आहे. उत्तरात बाप ‘आमचे पूर्वज’ म्हणून थांबत नाही. आम्ही दास होतो आणि आम्हांला सोडविले, असे तो बोलतो. त्याच सहाव्या अध्यायातील शमा, जिच्यात देव एकच आहे ही घोषणा आहे, ती लागलीच घरात शिरते: या गोष्टी मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोल, दाराच्या चौकटींवर लिही. दर सात वर्षांनी मांडवांच्या सणात नियमशास्त्राचे जाहीर वाचन व्हावे आणि त्याला पुरुषांबरोबर स्त्रिया, मुले आणि वेशीच्या आत राहणारे उपरेही हजर असावेत, असे एकतिसावा अध्याय सांगतो. जर्मन पंडित गेऱ्हार्ड फोन राड याने १९३८ मध्ये असे मत मांडले की, पहिली फळे अर्पण करताना शेतकऱ्याने म्हणावयाचे अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातील छोटेसे निवेदन हाच मूळ गाभा असून त्याभोवती पंचग्रंथीतील सारी कथा वाढत गेली. पुढच्या अभ्यासकांनी त्या निवेदनाची प्राचीनता नाकारली, आणि ते बरोबरही असेल. तथापि टोपली हाती घेतलेला शेतकरी आपल्या पिकाचा हिशेब देताना भटक्या पूर्वजापासून आरंभ करतो, ही गोष्ट काही त्यामुळे लहान होत नाही.

याजकांनी लोकांना द्यावयाचा गणनेच्या सहाव्या अध्यायातील आशीर्वाद मूळ इब्रीत अवघ्या पंधरा शब्दांचा आहे. १९७९ मध्ये यरुशलेमेत केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत गॅब्रिएल बार्काय या उत्खननशास्त्रज्ञाला चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. उलगडल्यावर त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले आढळले. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराच्या या गुंडाळ्या मृत समुद्राकाठच्या हस्तलिखितांहून कित्येक शतके जुन्या, आणि बायबलातील मजकूर असलेल्या ज्ञात वस्तूंत सर्वांत प्राचीन आहेत. राजांचे पराक्रम किंवा दहा आज्ञा टिकल्या नाहीत. गळ्यात घालावयाचा ताईत टिकला.

एवढी तजवीज करूनही काय झाले? शास्त्यांच्या दुसऱ्या अध्यायात एका वाक्यात निकाल लागतो: यहोशवाच्या काळची पिढी मेली आणि तिच्यामागून अशी पिढी आली की जिला परमेश्वर ठाऊक नव्हता आणि त्याने केलेले कार्यही नव्हे. एली याजकाचे मुलगे देवाच्या अर्पणातले मांस दांडगाईने पळवीत, आणि बाप बोलून पाहण्यापलीकडे काही करीत नाही. ज्या बालकाला एलीच्या घराच्या नाशाची वार्ता कळविण्यात आली त्या शमुवेलाचे मुलगेही बैरशेब्यात न्यायाधीश बसून लाच खाऊ लागले. रविवारच्या शाळांतून बाळ शमुवेलाचे चित्र हौसेने टांगतात, त्याच्या मुलांविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. हिज्कीयासारख्या धर्मनिष्ठ राजाच्या पोटी अधर्मी राजा मनश्शे निपजतो, आणि आमोनासारख्या दुष्टाच्या पोटी योशीया, ज्याच्या कारकिर्दीत मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. बापावरून मुलाचे भाकीत करता येत नाही हे राजांच्या पुस्तकांनी असे एकापुढे एक दाखले ठेवून सिद्ध केले आहे.

येथे शास्त्रांतील दोन मते उघडपणे एकमेकांसमोर येतात. दहा आज्ञांत वडिलांच्या अन्यायाचे पारिपत्य तिसऱ्या-चवथ्या पिढीपर्यंत करणारा आणि प्रीती करणाऱ्यांच्या हजारो पिढ्यांवर दया करणारा देव आहे. यरुशलेमेचा पाडाव झाल्यावर बाबेलच्या बंदिवासातील पिढी, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात आंबले मुलांचे, या अर्थाची म्हण तोंडावर खेळवू लागली. यिर्मया म्हणतो की ही म्हण पुढे बंद होईल. यहेज्केल त्याच्याही पुढे जातो. अठराव्या अध्यायात तो बाप, मुलगा आणि नातू यांची तीन उदाहरणे घेऊन एखाद्या न्यायाधीशासारखा निर्णय देतो की पुत्राने पित्याचा दोष वाहू नये आणि पित्याने पुत्राचा. काही भाष्यकार या दोहोंची तडजोड करून देतात. माझ्या मते तशी गरज नाही. अनुभव पहिल्याच्या बाजूने साक्ष देतो आणि न्यायबुद्धी दुसऱ्याच्या. ग्रंथाने दोघांचीही जबानी नोंदवून घेतली आहे.

वंशरेषेबाहेरून आलेल्यांचा भाग या कथेत अल्प नाही. मवाबी रूथ आपली विधवा सासू नामी हिचा हात सोडीत नाही, आणि श्रद्धा सासूकडून सुनेकडे जाते. तिचा पणतू दावीद राजा. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून, बापाला मुलगा नाही म्हणून त्याचे नाव कुळातून का पुसावे, असा अर्ज करतात आणि जिंकतात. एलीया संदेष्ट्याला पुत्र असल्याचा उल्लेख नाही. त्याचा शिष्य अलीशा याने त्याच्याजवळ त्याच्या आत्म्याचा दुहेरी वाटा, म्हणजे कायद्याने थोरल्या मुलाचा असतो तेवढा, मागितला आणि खाली पडलेला झगा उचलून घेतला. रेखाबाच्या घराण्याची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: पूर्वजाने घालून दिलेल्या मद्यवर्जनाच्या नियमाला ते लोक इतके चिकटून राहिले की, प्रत्यक्ष मंदिरात संदेष्ट्याने पुढे केलेला प्यालाही त्यांनी नाकारला. त्यांच्या नियमाची यिर्मया तरफदारी करीत नाही, निष्ठेची करतो.

श्रद्धा एका पिढीकडून दुसरीकडे कशी जाते, या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलखात ग्रंथाविना जगून दाखविले ते बेने इस्राएल या यहुदी समाजाने. कुलाब्याच्या किनाऱ्यावर नवगावजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची मूळकथा. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. इब्री भाषा गेली, ग्रंथ गेले, प्रार्थनांपैकी शमा तेवढी उरली. सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे निर्बंध राहिले. डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी यहुदी तेथे आला तेव्हा, अशी कथा आहे, त्याने बायकांपुढे नाना जातीचे मासे रांधावयास ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातला नियम त्यांच्या हातांना अचूक ठाऊक होता. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तीन तरुणांना शिकवून तयार केले आणि ते समाजाचे काजी झाले. कथेतली तारीखवार शहानिशा कशीही होवो, तिच्यात परीक्षा कोणाची झाली हे पाहण्यासारखे आहे. त्यांचे सणही स्वयंपाकघराच्या आधाराने टिकले: खिरीचा सण, बिरड्याचा सण, वल्हांडणाला ते अनशीधाकाचा सण म्हणत. नवसफेडीला किंवा लग्नकार्याआधी मलिद्याचे ताट मांडतात, त्यात गोड केलेले पोहे, ओले खोबरे, फळे. आणि एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलीया संदेष्ट्याचे, स्मरण करतात, ज्याच्या रथाचा टप्पा अलिबागजवळच्या खंडाळे गावी उमटल्याचे मानतात.

ग्रंथ पुढे आला तो मराठीतून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने १८३२ मध्ये इब्रीचे व्याकरण मराठीत लिहून प्रसिद्ध केले. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली, जिच्यात वल्हांडणाच्या रात्री घरातले लहान मूल प्रश्न विचारते. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथांची भाषांतरे केली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली. १८८० च्या सुमारास समाजाने हरदासी कीर्तन उचलले, आणि अब्राहाम, योसेफ यांची आख्याने साक्या-दिंड्यांत ऐकू येऊ लागली. पुढे इस्राएलला गेल्यावर मात्र, याच समाजाकडे विवाहाच्या वेळी पूर्वजांच्या शुद्धतेचे दाखले मागण्यात आले! मोठे आंदोलन होऊन १९६४ मध्ये ते सर्व बाबतींत यहुदी असल्याचे तेथील संसदेने जाहीर केले. ज्यांनी श्रद्धा कागदाशिवाय राखली त्यांच्याकडे कागद मागावा, हा दप्तरशाहीचा स्वभाव यरुशलेमेतही बदललेला दिसत नाही.

जालन्याकडे येताना नारायण शेषाद्रींच्या स्वतःच्या घरचा कज्जा पुढे ठेवला पाहिजे. १८४३ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती, वयाने बारा वर्षांच्या आसपासचा, हाही मिशनऱ्यांच्या घरी राहून त्याच वाटेने जाऊ लागला. वडिलांनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. मग स्वजातीयांतच प्रश्न निघाला की, मिशनऱ्यांकडे जेवलेल्या या मुलाला पंक्तीस घ्यावे की नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असा पक्ष धरला आणि त्यापायी सनातन्यांचा बहिष्कारापर्यंत गेलेला रोष पत्करला. मुलाची श्रद्धा कोणाची, बापाची की मुलाची, हा यहेज्केलाचा प्रश्न मुंबईच्या न्यायासनापुढे असा उघडा पडला, आणि कायद्याने त्याचे उत्तर वयावर सोपविले. मिशनच्या बखरींत नारायणाचे धैर्य मिळते, जांभेकरांच्या चरित्रांत त्यांचे औदार्य मिळते. दोन पुत्रांच्या बापाकडे दोन्ही बाजूंनी पाहणारा लेखक अद्याप मला भेटावयाचा आहे. एसावाचे रडणे ज्याने लिहिले त्याला ते साधले असते.

अशा मनुष्याने वसविलेल्या बेथेलात जे लोक आले ते बहुतेक मांग आणि महार समाजांतील होते. त्यांच्या वाडवडिलांनी त्यांना दिलेला वारसा कोणता? गावकीची वेठ, वेशीबाहेरचे घर, आणि अंगावर जन्मतः आलेला विटाळ. वतन हा शब्द देशमुख-देशपांड्यांच्या घरी अभिमानाने उच्चारला जाई. महारकीच्या वतनाने तोच शब्द गळ्यातल्या फासासारखा केला होता, आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वतनाविरुद्ध जी मोहीम चालविली ती याच अनुभवातून. ज्यांना वंशपरंपरेने शापच मिळाला होता त्यांच्या कानी, धाकट्याला, दासाला आणि उपऱ्याला जवळ करणारे हे ग्रंथ पडले तेव्हा पूर्वजांच्या देवाची भाषा त्यांना उसनी घ्यावी लागली. अब्राहामाशी त्यांचे नाते एफ्राइम-मनश्शेसारखे, मांडीवर घेतल्यामुळे झालेले होते. शेतीची जमीन, शाळा आणि प्रार्थनामंदिर ही त्या वसाहतीची अंगे होती. आशीर्वाद म्हणजे एकवेळचे तारण नसून पिकासारखी, संततीसारखी निमूट वाढत जाणारी गोष्ट होय, असे जे क्लाउस वेस्टरमान याने १९६८ च्या आपल्या ग्रंथात मांडले, त्याची प्रचीती शेषाद्रींना त्याआधीच आलेली असावी, असे वसाहतीच्या रचनेवरून वाटते. त्यांच्या मागे मिशन स्कॉटिश मंडळीच्या हाती राहिले, पुढे संयुक्त मंडळीत गेले, आणि १९७० मध्ये उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाल्यावर तो प्रवाह तिला मिळाला. संस्थांचे हस्तांतर असे दस्तऐवजांनी होते.

घरातले हस्तांतर निराळे, आणि मराठी ख्रिस्ती समाजात त्याचा एक नमुना कागदावर शिल्लक आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या होत्या. त्या काही वर्षांनी स्वतःच्या विचाराने त्या धर्मात आल्या. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, लक्ष्मीबाईंनी त्याचे बहुतेक अध्याय रचले, आणि त्यांच्याही मागे राहिलेला शेवट पुत्र देवदत्त यांनी लिहून काढला. पतीच्या मागोमाग जाण्याचे नाकारणाऱ्या स्त्रीने पुढे पतीचे काव्य पुरे करावे, यात याकोबाच्या शर्तीच्या नवसाचा जातिवंत अंश आहे.

जुना करार जालन्याच्या ख्रिस्ती वाचकाच्या हाती येतो तो मलाखीच्या ग्रंथाने संपतो, आणि मलाखीचा शेवट असा की, एलीया येऊन बापांची मने मुलांकडे आणि मुलांची मने बापांकडे फिरवील, न पेक्षा भूमीवर शाप येईल. सभास्थानात हा भाग वाचताना शापाने सांगता होऊ नये म्हणून उपान्त्य वचन पुन्हा म्हणण्याची चाल आहे. यहुदी क्रमात मात्र मलाखी मध्येच येतो आणि सर्वांत शेवटी इतिहासाचे दुसरे पुस्तक, ज्याच्या अखेरीस पारसाचा राजा कोरेश याचे फर्मान आहे की बंदिवानांपैकी ज्याला जावयाचे असेल त्याने वर जावे. जे बाबेलातच जन्मले होते, ज्यांनी यरुशलेम डोळ्यांनी पाहिले नव्हते, त्यांच्यापैकी किती जण निघाले याची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात घराण्यांनिशी दिली आहे. आणि तीतच, आपली वंशावळ सिद्ध करता न आलेल्या कुटुंबांचीही नावे, ती बरोबर निघाली होती म्हणून, नमूद केली आहेत.